चंपाषष्ठीचा रोडगा आणि ‘आत्मकारणात्’ हा शब्द



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय तिसरा, श्लोक तेरावा.

श्लोकाचा सरळ अर्थ असा: यज्ञ करून जे उरतं ते खाणारे सज्जन सगळ्या पापांतून सुटतात, आणि जे केवळ स्वतःसाठी शिजवतात ते पापच खातात.

खरं सांगतो, हा श्लोक पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा मला राग आला होता. मी पुण्यात नोकरी करणारा मुलगा. रात्री दहाला घरी येऊन कुकरला एकट्यापुरती खिचडी लावतो, नाहीतर मॅगी. म्हणजे मी रोज पाप खातो? तुमच्यापैकी बरेच जण असेच एकटे राहता, तुम्हालाही हा प्रश्न पडला असेल. तेव्हा मी श्लोक बाजूला ठेवला आणि पुढचा अध्याय वाचायला घेतला. तो पुन्हा समोर आला तो ओव्हनसमोर, पिठाच्या हातांनी उभा असताना. ती गोष्ट आज सांगतो.

आमचं गाव जानेफळ, तालुका मेहकर, जिल्हा बुलडाणा. कुलदैवत खंडोबा. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत खंडोबाचं सहा दिवसांचं नवरात्र असतं. मणी आणि मल्ल या दैत्यांवर देवाने मिळवलेल्या विजयाचा हा उत्सव. सहावा दिवस चंपाषष्ठी, आणि त्या दिवशी नैवेद्य वांग्याच्या भरताचा आणि रोडग्याचा. चातुर्मासात वांगं-कांदा न खाणाऱ्या बऱ्याच घरांत या दिवशी वांगं परत ताटात येतं. महाराष्ट्रात खूप ठिकाणी हा रोडगा बाजरीचा असतो. माझा रूममेट सांगलीकडचा, त्याला गव्हाचा रोडगा माहीतच नव्हता. आमच्या घरी मात्र गव्हाचाच.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: रोडगा म्हणजे पोळी नाही आणि पावही नाही. घट्ट भिजवलेल्या पिठाच्या तीन-चार छोट्या पाऱ्या लाटायच्या, प्रत्येकीला तेल लावायचं, एकावर एक ठेवायच्या, आणि सगळ्यात बाहेरच्या पारीत त्या गुंडाळून गोळा वळायचा. मग शेणाच्या गोवऱ्या पेटवायच्या. ज्वाळा पूर्ण विझून लाल निखारे झाले की त्यात गोळे सोडायचे आणि वरून गरम राख ओढायची. भाजले की जाड फडक्यात घोळून राख झटकायची, मुठीत दाबून फोडायचे, आणि त्या भेगांमधून तूप ओतायचं. आतले पदर वाफेने सुटलेले असतात. सोबत भरीत किंवा वांग्याची रस्सा भाजी, आणि वरण. एवढं लिहूनच मला भूक लागली आहे.

२०२४ मध्ये चंपाषष्ठी ७ डिसेंबरला आली, शनिवारी. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, खाली बसणं बंद. तिने फोनवर सांगितलं, “या वर्साले मले काही होत नाही बाप्पा. तुमचं तुम्ही करा तिकडं.”

“तुमचं तुम्ही” हे अनेकवचन तिने मुद्दाम वापरलं होतं. मोठा दादाही पुण्यातच राहतो, माझ्यापासून बारा किलोमीटरवर. बाबा गेल्यानंतर शेताची वाटणी झाली. कागदावर ती एका दिवसात झाली. त्या दिवशी आम्ही दोघं एकमेकांना जे बोललो ते दीड वर्ष झालं तरी संपलं नव्हतं. मी रागात म्हणालो होतो, “माझे देव मी वेगळे मांडीन.” आणि खरंच खंडोबाचा चांदीचा टाक करून घेतला होता. त्यामुळे आईचं ऐकल्यावर मनात पहिली गोष्ट काय आली असेल? भक्ती नाही. मनात आलं, आता करून दाखवतो. एकटा, शहरात, साग्रसंगीत. फोटो काढीन, घरच्या ग्रुपवर टाकीन, दादा बघेल.

आता गोवऱ्या कुठून आणणार? पुण्यात विकत मिळतात, पण पेटवायच्या कुठे? सातव्या मजल्यावर धूर केला तर सोसायटीचे सेक्रेटरी देवाच्या आधी दारात येतील. मग आठवल्या वरच्या मजल्यावरच्या काकू. त्या मूळच्या वसईच्या, आणि डिसेंबर लागला की त्यांच्या घरातून जिन्यात लोण्याचा आणि संत्र्याच्या सालीचा वास उतरतो. नाताळसाठी केक तर करतातच, पण त्या आधीपासूनच स्कोन करून शेजारीपाजारी वाटतात. स्कोन म्हणजे मूळचा स्कॉटलंडकडचा, पूर्वी तव्यावर आणि आता ओव्हनमध्ये भाजायचा जाडसर, खुसखुशीत पाव. त्यांचा जुना छोटा ओव्हन पडून होता, तो त्यांनी मला दिला, आणि तिथेच ओट्याशी उभं करून स्कोन कसा करतात ते दाखवलं.

ते बघताना मला मजा वाटली, कारण हात तेच होते. काकू थंड लोणी मैद्यात बोटांनी चोळतात, अगदी रव्यासारखं होईपर्यंत. आई गरम तेलाचं मोहन पिठात चोळते. कारण एकच: पिठाच्या कणाला स्निग्धपणा लागला की पाणी त्याच्यापर्यंत पूर्ण पोचत नाही, पिठातले चिवट धागे लांब होत नाहीत, आणि पदार्थ चामट न होता खुसखुशीत होतो. म्हणूनच स्कोनचं पीठ फार मळायचं नसतं. रोडग्याचं मात्र मळावं लागतं, कारण पाऱ्या लाटायच्या असतात. तिथली कसर पदरांमधलं तेल भरून काढतं.

चूक मी पुढे केली. षष्ठीच्या आदल्या रात्री प्रयोग म्हणून चार रोडगे काकूंच्या स्कोनच्या हिशोबाने भाजले, २०० अंशांवर पंधरा मिनिटं. वरून काय सुंदर रंग आला! फोटोही काढला. फोडला तर आत कच्चं पीठ. स्कोनमध्ये बेकिंग पावडर असते, तो फुलतो, हलका होतो, उष्णता झटकन आत जाते. रोडगा म्हणजे भरीव गोळा. निखाऱ्यांवर राख का ओढतात ते मला तेव्हा कळलं. राख उष्णता धरून ठेवते, पण ती सावकाश सोडते. बाहेरचं कवच जळायच्या आत उष्णतेला आतपर्यंत चालत जायला वेळ मिळतो.

आईला फोन लावला. ती हसली. “अरे, रंग कायले पाहतं? वाजवून पाय. शिजला रोडगा पोकळ वाजते.”

मग माप विचारलं तर म्हणाली, “माप तुह्या वहिनीले माहीत. मी आपलं मुठीनं घेतो.” आमच्याकडे बाया असंच बोलतात, ‘घेतो’, ‘करतो’. पण तिला माप माहीत नाही हे मला काही पटत नाही. तिने चाळीस वर्षं रोडगे केले आहेत.

वहिनींना फोन करायला मी अर्धा तास घेतला. त्यांनी मात्र कालच बोलल्यासारखं सांगितलं. “भाऊजी, चार वाट्या जाडसर पीठ. बारीक असेल तर त्यात अर्धी वाटी रवा घाला. पाऊण वाटी तेल गरम करून मोहन, मीठ, ओवा हातावर चोळून. मुठीत दाबल्यावर पिठाचा मुटका राहिला पाहिजे. कोमट पाण्याने घट्ट भिजवा आणि अर्धा तास झाकून ठेवा. आणि गोळे मोठे करू नका, लिंबाहून जरा मोठे.”

फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, “तळी कोण उचलणार आहे?”

हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. तळी भरणं म्हणजे ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याच्या वाट्या आणि भंडारा ठेवून, खंडोबाचा येळकोट करत ते ताम्हन सगळ्यांनी मिळून तीनदा उचलायचं. आमच्याकडे पाच जण लागतात. एकट्याने तळी उचलता येत नाही. नैवेद्याचा फोटो एकट्याने निघतो, तळी निघत नाही.

त्या रात्री पीठ मळून ठेवल्यावर मी हा श्लोक परत उघडला, आणि पहिल्यांदा ‘आत्मकारणात्’ या शब्दावर थांबलो. श्लोकात पाप खाणारा माणूस ओळखायची खूण काय दिली आहे? तो किती खातो, काय खातो, एकटा खातो की पंगतीत, यातलं काहीच नाही. तो कोणासाठी *शिजवतो*, ही खूण आहे. म्हणजे ताटात पडायच्या आधी, चुलीपाशीच, सगळं ठरून गेलेलं असतं.

शंकराचार्यांच्या भाष्यात इथे पंचसूनेचा उल्लेख येतो. घरात पाच जागा अशा आहेत जिथे नकळत जीव मरतातच: चूल, जातं, उखळ, केरसुणी आणि पाण्याचा हंडा. स्वयंपाक करायचा तर हे टळत नाही. म्हणून गृहस्थाला रोजचे पाच यज्ञ सांगितले: देवांसाठी, ऋषींसाठी, पितरांसाठी, प्राण्यांसाठी आणि माणसांसाठी. यातला शेवटचा तर अगदी साधा आहे, दारी आलेल्याला वाढणं. म्हणजे आपलं जेवण कोणाच्या तरी जिवावर उभं आहे हे ठाऊक असलेल्या माणसाने पहिला घास बाहेर काढायचा. ज्ञानेश्वर महाराजही या श्लोकाच्या ओघात सांगतात की अन्नाला साधं समजू नका, त्याला ब्रह्मरूप जाणा. तेव्हा एकट्याची खिचडी पाप आहे का, या माझ्या जुन्या प्रश्नाचं मला सुचलेलं उत्तर असं: डोकी मोजायची नाहीत. खिडकीतल्या चिमणीला चार दाणे टाकून खाल्लेली एकट्याची खिचडी चालते. आणि दहा जणांना बोलावून केलेला थाटसुद्धा आत्मकारण असू शकतो.

माझा तसाच होता. देवासाठी म्हणून मळलेलं ते पीठ खरं तर मी दादाला दाखवण्यासाठी मळलं होतं. नैवेद्य खंडोबाचा, पण कारण मीच.

इथे एकनाथ महाराजांचं भवानीआईचं भारूड आठवल्याशिवाय राहत नाही, कारण त्यातही रोडगाच आहे. सून देवीला नवस करते की सासरची एकेक माणसं दूर कर, मला एकटीला राहू दे, मी तुला रोडगा वाहीन. ऐकणारे हसतात. कीर्तनकार मग उलगडून सांगतात की ही सासरची माणसं म्हणजे अहंकार आणि इतर विकार, त्यांच्यातून जीवाला सुटायचं आहे. लहानपणी मी नुसता हसलो होतो. त्या रात्री हसू आलं नाही. मी तोच नवस शब्दशः केला होता आणि तो फळलाही होता. माणसं दूर झाली होती. ज्या अहंकाराला दूर करायचं, तो तेवढा माझ्यासोबत फ्लॅटमध्ये राहायला आला होता.

आणखी एक गोष्ट लक्षात आली, कदाचित तुम्हाला ती छोटी वाटेल. गोवऱ्यांचा विस्तव दोन रोडग्यांसाठी लावता येत नाही. एवढ्या गोवऱ्या जाळायच्या, त्यांचे निखारे होईपर्यंत थांबायचं, तर मग त्यात पन्नास तरी भाजून घ्यायचे. म्हणून गावाकडे रोडग्याचा कार्यक्रम असतो, मारुतीच्या पाराजवळ किंवा शेतात, आणि शेजारची चार घरं आपोआप त्यात येतात. आमच्या तालुक्यातल्याच हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीला लाखो लोकांच्या पंगतीला पुरी आणि वांग्याची भाजी वाढतात, तीही ट्रॅक्टरमधून. असं जेवण पाहत मोठं झालेल्या माणसाला एकट्यापुरतं शिजवणं खरं तर सुचू नये. ओव्हनला मात्र काही फरक पडत नाही. त्यात एक रोडगाही भाजता येतो. आमच्या आजीच्या चुलीने जे कधी करू दिलं नसतं ते यंत्र बिनतक्रार करू देतं.

सकाळी वहिनींना पुन्हा फोन केला. म्हणालो, “वहिनी, तळीला पाच हात लागतात. आमच्याकडे तीनच आहेत.” मी, रूममेट आणि गेटवरचे वॉचमन काका. काका लोणार तालुक्यातले, घरात खंडोबा असलेले. ओव्हनमध्ये रोडगे म्हटल्यावर ते पोट धरून हसले होते.

वहिनी जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “विचारते.”

रोडगे या वेळी नीट झाले. खालच्या जाळीवर १७० अंशांवर तीस मिनिटं, मधे एकदा उलटून. मग वर घेऊन २०० वर बारा-पंधरा मिनिटं. तुमचा ओव्हन वेगळा असेल, तेव्हा मिनिटांवर फार विसंबू नका. काढून बोटाने वाजवा. एका ताटलीत नऊ बसले, दोन खेपांत अठरा. वांगी गॅसवर जाळी ठेवून भाजली. गोवरीचा वास रोडग्यांना आला नाही, तो येणारच नव्हता. पहिल्या खेपेतला एक काकूंकडे गेला आणि त्याच ताटलीतून सहा स्कोन खाली आले.

संध्याकाळी वहिनी आणि पुतण्या आले. पुतण्या तिसरीत आहे. दादा आला नाही. “खाली गाडीपाशी थांबलेत,” वहिनी म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता वांगं कुस्करायला बसल्या.

आता अडचण अशी की वॉचमन काकांना गेट सोडून वर येता येत नव्हतं, त्यांचा जोडीदार सुट्टीवर होता. देव वर, माणसं खाली. रूममेट म्हणाला, “मग ताम्हनच खाली नेऊ.” घरातल्या टाकाला नैवेद्य दाखवला, ताम्हन भरलं, आणि आम्ही लिफ्टने पार्किंगमध्ये उतरलो. पुतण्याच्या हातात रोडग्यांचा डबा.

पार्किंगमध्ये पिवळ्या दिव्याखाली आम्ही ताम्हनाला हात लावला. मी, रूममेट, काका, पुतण्या. वहिनी बाजूला खोबरं घेऊन उभ्या होत्या, मी म्हटलं, “तुम्हीच लावा हात.” त्या पुढे येणार तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक हात आला आणि ताम्हनाच्या कडेला लागला. बाबांसारखाच, करंगळी जरा वाकडी असलेला. वहिनींनीही लावला. सहा झाले. आमच्याकडे पाच लागतात, सहाला काय म्हणतात ते मी कोणाला विचारलं नाही. येळकोट दादाने म्हटला, कारण त्याचा आवाज मोठा आहे आणि मला त्या वेळी आवाज काढता येत नव्हता.

खंडोबासोबत कुत्रा असतो, म्हणून या दिवशी कुत्र्याला नैवेद्य देतात. सोसायटीचा काळा कुत्रा इतका वेळ डब्याकडेच बघत होता. पुतण्याने त्याला अख्खा रोडगा तुपासकट दिला. मग तिथेच, गाडीच्या बॉनेटवर पेपर पसरून, आम्ही उभ्याने खाल्लं. काका दोन खेपा गेट उघडून आले. दादाने रोडगा मुठीत फोडला, तुकडा भरताला लावून तोंडात टाकला, आणि दीड वर्षांनंतर माझ्याशी पहिलं वाक्य बोलला.

“मीठ कमी आहे.”

“पुढच्या वेळी घालीन,” मी म्हणालो.

वाटणीचा विषय कोणी काढला नाही, अजूनही काढलेला नाही. निघताना वहिनींनी उरलेल्यातले चार डब्यात भरून घेतले, सोमवारी त्याच्या ऑफिसच्या डब्यात द्यायला. रोडगा दोन-तीन दिवस छान टिकतो, दुसऱ्या दिवशी दुधात किंवा ताकात कुस्करून खाऊन बघा.

रात्री आईचा फोन आला. कोण आलं, कोण नाही, काही विचारलं नाही. वहिनींनी आधीच सांगितलं असणार.

“आतून शिजले होते का रे?”

“दोन जरा कच्चे होते.”

“ते कोनी खाल्ले?”

“एक मी, एक दादाने.”

“बरं,” आई म्हणाली, आणि फोन ठेवला.

राम कृष्ण हरी.